प्रकाशन-नीतीचे प्रवाहतक्ते: नऊ वर्षांच्या वापरानंतर

एखादा शोधनिबंध तज्ज्ञ-समीक्षणाच्या दोन फेऱ्या पार करतो, स्वीकृतीचे पत्र जाते, मुद्रिते तपासणीसाठी लेखकाकडे पोहोचतात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे पत्र येते की लेखकांच्या यादीत दोन नावे राहून गेली आहेत, तेवढी कृपया घालावीत. पत्राची भाषा सौजन्याची असते आणि कारण एका ओळीत उरकलेले असते. संपादकाने ती नावे निमूटपणे घातली, तर ज्यांनी काहीच केले नाही अशा वरिष्ठांना श्रेय भेट दिल्याचा दोष त्याच्याकडे येतो. नाकारली, तर महिनोन्महिने राबलेल्या एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याचे हक्काचे श्रेय बुडू शकते. मी एका संशोधन-नियतकालिकाची सहसंपादक झाले त्या पहिल्याच वर्षी असे पत्र माझ्यासमोर आले, आणि त्याला काय उत्तर द्यावे हे मला कोणीही शिकवलेले नव्हते. तेव्हा एका ज्येष्ठ संपादकांनी मला ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ या संस्थेचे प्रवाहतक्ते, म्हणजे अशा प्रसंगी संपादकाने कोणत्या क्रमाने काय करावे हे दाखवणारे तक्ते, उघडून पाहायला सांगितले. गेली नऊ वर्षे मी ते वापरत आले आहे. हे परीक्षण त्या तक्त्यांचे आणि त्यांच्याभोवती या संस्थेने उभ्या केलेल्या इतर सेवांचे आहे. संस्थेचे नाव लांब असल्यामुळे पुढे तिला नुसते ‘समिती’ म्हणते.

नाव वाढवण्याबाबतचा तक्ता जेमतेम एका पानाचा आहे. आधी बदलाचे कारण स्पष्ट करून घ्यावे, मग सर्व लेखकांची त्याला संमती आहे का हे तपासावे, असे तो सांगतो. सगळे सहमत असतील तर नव्या लेखकाकडून लेखकत्वाचे घोषणापत्र भरून घ्यायचे आणि नाव घालायचे. एकाचीही हरकत असेल तर लेखकांत एकमत होईपर्यंत प्रकाशन थांबवायचे. शेजारी एक छोटी टीप आहे: समीक्षकांच्या सूचनांमुळे हस्तलिखितात मोठे बदल झाले असतील, उदाहरणार्थ नवी आधारसामग्री जोडावी लागली असेल, तर नव्या लेखकाचा समावेश रास्त ठरू शकतो. मला ही टीप फार मोलाची वाटते, कारण उशिरा आलेले प्रत्येक नाव संशयास्पदच असते असे गृहीत धरण्यापासून ती संपादकाला वाचवते. नाव वगळण्याच्या तक्त्यात तर आणखी नेमकी सूचना आहे. ज्याचे नाव काढले जाणार आहे त्याच्याशीच संपर्क साधावा आणि त्याची संमती लेखी घ्यावी. हे सांगायला साधे वाटते, परंतु नियतकालिकाचा सगळा पत्रव्यवहार सहसा एकाच लेखकाशी चालतो, आणि ज्याचे नाव पुसले जात असते त्याच्यापर्यंत एकही पत्र पोहोचलेले नसते.

मी तक्त्याप्रमाणे सर्व सहलेखकांना स्वतंत्र पत्रे पाठवली. राहून गेलेल्या दोन नावांपैकी एक सांख्यिकी विश्लेषण पुन्हा करणाऱ्या तरुण संशोधिकेचे होते आणि दुसरे विभागप्रमुखांचे. पहिल्या नावाला सगळ्यांनी दोन दिवसांत संमती कळवली. दुसऱ्याबद्दल कोणीच काही लिहिले नाही, आणि आठवड्याने ती विनंती मागे घेतली गेली. मी कोणावरही आरोप केला नव्हता. प्रत्येकाला तोच एक प्रश्न, त्याच शब्दांत, लेखी विचारला होता. या तक्त्यांचे खरे सामर्थ्य तिथे मला पहिल्यांदा जाणवले. संपादकाला धीर हवा असतो, आणि तो धीर बहुतेक वेळा पुढची पायरी ठाऊक असण्यातून येतो.

समितीची स्थापना 1997 साली ब्रिटनमधील काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी केली. ‘गट’ (Gut) या पचनसंस्थेच्या विकारांवरील नियतकालिकाचे मायकल फार्दिंग, ‘लॅन्सेट’चे रिचर्ड हॉर्टन आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे रिचर्ड स्मिथ हे त्यांतले प्रमुख होते. त्याआधी तीन वर्षे, 1994 मध्ये, प्रसूतिशास्त्राच्या एका ख्यातनाम ब्रिटिश नियतकालिकात, गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ पुन्हा गर्भाशयात यशस्वीपणे रोवल्याचा दावा प्रसिद्ध झाला होता. चौकशीत तशी रुग्ण आढळलीच नाही, आणि सहलेखकांच्या यादीत त्या नियतकालिकाच्या संपादकांचेच नाव होते. अशा प्रकरणांनी अस्वस्थ झालेले संपादक आपापली न सुटलेली प्रकरणे घेऊन एकत्र बसू लागले आणि एकमेकांचा सल्ला घेऊ लागले; समितीचे आरंभीचे रूप एवढेच होते. आज तिच्या सदस्यांत दहा हजारांहून अधिक नियतकालिके आहेत आणि ती वैद्यकशास्त्राच्या बाहेर, सर्व विद्याशाखांत पसरली आहे. तरीही तिचा स्वभाव अजून त्या पहिल्या बैठकीचाच राहिला आहे: अडचणीत सापडलेल्या संपादकाला दुसऱ्या संपादकाने दिलेला सल्ला. तिची बलस्थाने आणि तिच्या उणिवा या दोन्हींचे मूळ मला याच स्वभावात दिसते.

वाङ्मयचौर्याच्या संशयाचा तक्ता मी सर्वाधिक वेळा उघडला असेन. साम्य शोधणारी संगणकप्रणाली हस्तलिखितावर टक्केवारी छापते, आणि अननुभवी संपादकाला तो आकडाच निकाल वाटू लागतो. हा तक्ता टक्केवारीचे नावही घेत नाही. दुसऱ्याचा मजकूर वा आधारसामग्री मोठ्या प्रमाणावर आपली म्हणून मांडली आहे, की पद्धतीच्या वर्णनातील चार-दोन वाक्ये तेवढी उचलली गेली आहेत, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. किरकोळ उचल असेल तर लेखकाला समंजस भाषेत कळवून मजकूर पुन्हा लिहून घ्यावा किंवा मूळ संदर्भ जोडायला सांगावे. गंभीर असेल तर पुराव्यानिशी खुलासा मागावा. खुलासा आल्यावर काय करायचे, त्या टप्प्यावर आलेला एक तपशील मला या संपूर्ण संचातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. प्रामाणिक चूक, नियतकालिकाच्या अस्पष्ट सूचना आणि अगदी नवखा संशोधक, ही तीन कारणे तिथे समाधानकारक खुलाशात मोडतात. म्हणजे लेखकाची चूक ही कधीकधी आपल्या सूचनापत्राची चूक असू शकते, हे संपादकाने स्वतःला विचारायचे आहे. आमच्याकडे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हस्तलिखितात पूर्वसूरींचा आढावा जवळजवळ शब्दशः उचललेला होता. त्याच्या उत्तरातून कळले की संदर्भक्रमांक दिला म्हणजे मजकूर जसाच्या तसा घेता येतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. मी आमच्या लेखकांसाठीच्या सूचना पुन्हा वाचल्या, तर त्यांत अवतरणचिन्हांविषयी एक अक्षरही नव्हते. हस्तलिखित दुरुस्तीसाठी परत गेले, आणि आमच्या सूचनाही त्याच आठवड्यात बदलल्या.

ज्या तक्त्याची गरज कोणत्याही संपादकाला पडू नये, असा एक तक्ता समीक्षकाने लेखकाची कल्पना वा आधारसामग्री चोरल्याच्या तक्रारीचा आहे. तज्ज्ञ-समीक्षणाची सारी व्यवस्था विश्वासावर उभी आहे. अप्रकाशित काम आपण अशा व्यक्तीच्या हाती देतो, जी बहुधा त्याच विषयात स्पर्धक असते. हा तक्ता तक्रारदाराचे आभार मानण्यापासून सुरू होतो, त्याच्याकडून संपूर्ण कागदोपत्री पुरावा मागवायला सांगतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो आपला समीक्षक नसेल तर त्याचा आपल्या समीक्षकाशी काही संबंध आहे का, दोघे एकाच विभागात आहेत का, हे पाहायला लावतो. त्यातच आणखी एक आठवण करून दिली आहे: समीक्षणास नकार देणाऱ्यांना विसरू नका. हस्तलिखिताचा सारांश त्यांनीही पाहिलेला असतो, आणि नकार दिल्यामुळे त्यांची नावे अंतिम नोंदींतून गळलेली असतात. अशी ओळ तोच लिहू शकतो ज्याने प्रत्यक्ष प्रकरणे हाताळली आहेत. 2013 साली प्रसिद्ध झालेली आणि नंतर सुधारलेली समीक्षकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच धाटणीची आहेत. नव्याने समीक्षण करू लागलेल्या प्रत्येकाने ती पहिले हस्तलिखित उघडण्यापूर्वी वाचावीत असा माझा आग्रह असतो.

शोधनिबंध मागे घेण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे समितीने 2009 मध्ये आणली आणि 2019 मध्ये त्यांत सुधारणा केली. माझ्या मते तिच्या हातून झालेले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. शोधनिबंध मागे घेण्याचा हेतू ज्ञानाची नोंद दुरुस्त करणे आणि वाचकांना सावध करणे हा आहे, लेखकाला शिक्षा करणे हा नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. या एका भूमिकेमुळे बरेच काही बदलते. संपादकाला लेखकाचा हेतू सिद्ध करण्याची गरज उरत नाही. निष्कर्षांवर विसंबता येत नाही एवढे दिसले तरी पुरते, मग कारण लबाडी असो वा हिशेबातली प्रामाणिक चूक. निवेदनात निबंध कोण मागे घेत आहे आणि का, हे दोन्ही लिहिलेले असावे, ते मूळ निबंधाशी जोडलेले असावे, वाचायला कोणाकडूनही पैसे मागू नयेत, आणि मूळ निबंध पुसून न टाकता त्यावर स्पष्ट खूण करावी, हे तपशीलही त्यात आहेत. स्वतःची चूक सापडल्यावर स्वतःहून निबंध मागे घेणारे संशोधक मी पाहिले आहेत. त्यांच्या धैर्याची कदर व्हायची असेल, तर मागे घेतलेला प्रत्येक निबंध म्हणजे गुन्ह्याची नोंद, ही समजूत जावी लागेल, आणि त्या दिशेने या दस्तऐवजाने बरेच काम केले आहे.

सदस्यांसाठीची चर्चाबैठक ही समितीची सर्वांत जुनी सेवा आहे. नावे काढून टाकलेले प्रकरण संपादक तिथे मांडतो, इतर सदस्य प्रश्न विचारतात, सल्ला देतात, आणि निर्णयाची जबाबदारी मात्र त्या संपादकाकडेच राहते. 1997 पासूनची अशी शेकडो प्रकरणे संकेतस्थळावर कोणालाही शोधता व वाचता येतात. एखाद्या नव्या संपादकाला मी तक्त्यांच्याही आधी ही प्रकरणे वाचायला सांगेन, कारण तक्त्यात सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात कशी अडखळते हे तिथे कळते. सहलेखक निवर्तलेला असतो, संस्था बंद पडलेली असते, दोन नियतकालिके एकाच वेळी तोच निबंध छापून बसलेली असतात. खटकते ती एक गोष्ट म्हणजे काही प्रकरणांत सल्ल्यानंतर काय झाले याची नोंदच नाही. सल्ला बरोबर ठरला की नाही, हे वाचकाला समजत नाही, आणि शिकण्याची एक चांगली संधी वाया जाते.

बाकीच्या साहित्याविषयी थोडक्यात. आचारसंहितेच्या जागी 2017 मध्ये आलेल्या दहा मूळ कार्यपद्धतींत तक्रारी, लेखकत्व, हितसंबंध, आधारसामग्री, समीक्षणप्रक्रिया अशा विषयांची मांडणी आहे. चौकट म्हणून ती चांगली आहे, परंतु मजकूर फारच त्रोटक आहे. मुक्त-प्रवेश नियतकालिकांची निर्देशिका आणि अन्य दोन संघटना यांच्यासह तयार केलेली पारदर्शकतेची तत्त्वे 2022 पर्यंत चार वेळा प्रसिद्ध झाली, आणि एखादे नियतकालिक विश्वासार्ह आहे की नाही हे पारखताना लेखकाला त्यांचा थेट उपयोग होतो: शुल्क किती, ते कधी आकारले जाते, संपादक मंडळावर कोण आहे, समीक्षण कसे चालते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक मानता येणार नाही, कारण ती कामाची जबाबदारी घेऊ शकत नाहीत आणि हितसंबंध जाहीर करू शकत नाहीत, हे समितीने 2023 च्या फेब्रुवारीतच स्पष्ट केले. अनेक संपादक त्या वेळी चाचपडत होते. समितीने इतक्या लवकर आणि इतक्या मोजक्या शब्दांत भूमिका घेतल्याचे मला तेव्हा फार बरे वाटले.

आता उणिवांकडे येते. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर उणीव अशी की या तक्त्यांत काळाचे भान पुरेसे नाही. लेखकाला लिहा, उत्तर नाही आले तर सहलेखकांना लिहा, तेही गप्प राहिले तर संस्थेला लिहा, आणि संस्था गप्प राहिली तर दर तीन ते सहा महिन्यांनी तिला आठवण करून देत राहा. प्रत्येक पायरी न्याय्य आहे, आरोपीला बोलण्याची संधी देणारी आहे. परंतु सगळ्या पायऱ्या एकापुढे एक ठेवल्या की वर्षे जातात, आणि या वर्षांत तो निबंध वाचला जात असतो, उद्धृत होत असतो, त्यावर पुढचे प्रयोग बेतले जात असतात.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आम्ही छापलेल्या एका निबंधात दोन वेगवेगळ्या प्रयोगांची म्हणून दिलेली छायाचित्रे एकच असून एक नुसते फिरवून लावले आहे, असे एका वाचकाने कळवले. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर मलाही शंका उरली नाही. लेखकाने मूळ चित्रे हरवल्याचे सांगितले, सहलेखकांनी त्याच्याकडे बोट दाखवले, आणि त्यांच्या संस्थेने चौकशी सुरू असल्याचे एक पत्र पाठवून मौन धरले. मी तक्त्याप्रमाणे आठवण करत राहिले. निबंध मागे घेतला जाईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. चौकशी लांबत असेल तर वाचकांना सावध करणारे चिंतानिवेदन छापता येते, अशी तरतूद समितीच्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मी ते पहिल्या सहा महिन्यांत छापायला हवे होते, आणि संस्थेच्या उत्तराची वाट पाहण्यात मी ते टाळले. तक्त्याने मला थांबायला भाग पाडले नव्हते, पण किती थांबायचे हेही सांगितले नव्हते. ज्या वाचकाने चूक दाखवली होती त्याने मधल्या काळात तीन वेळा विचारले की पुढे काय झाले. गोपनीयतेपोटी मी त्याला प्रत्येक वेळी तेच कोरडे उत्तर दिले, आणि त्याची मला आजही खंत वाटते.

ही उणीव केवळ लहान कार्यालयांची नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवर आधारलेला अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’ने 1998 च्या फेब्रुवारीत छापला. त्या वेळी समिती स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि ‘लॅन्सेट’चे संपादक तिच्या संस्थापकांपैकी होते. 2004 मध्ये 10 लेखकांनी त्या निबंधातील अन्वयार्थ मागे घेतला, पण निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो 2010 च्या फेब्रुवारीत, म्हणजे 12 वर्षांनी, ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेचा निकाल आल्यानंतर. दरम्यान मुलांना लस टोचून घेण्याविषयी पालकांच्या मनात जी धास्ती बसली, ती निवेदनाने पुसली गेली नाही. याच्या उलट उदाहरणही त्याच नियतकालिकाचे आहे. कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयीचा, 96 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती असल्याचे सांगणारा निबंध 22 मे 2020 रोजी प्रसिद्ध झाला आणि 4 जून रोजी मागे घेतला गेला. ही माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी खुली केली नाही, म्हणून सहलेखकांनीच तो काढून घेतला. तेव्हा सगळ्या जगाचे डोळे त्या निबंधावर होते. ज्या निबंधांकडे कोणाचे लक्ष नाही त्यांनाही अशी गती मिळायची, तर ती लेखी मुदतींतूनच मिळू शकते, आणि समितीने त्या मुदती सुचवाव्यात अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

दुसरी उणीव समितीच्या बोधचिन्हाशी निगडित आहे. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ते चिन्ह दिसले की लेखक निर्धास्त होतात. वस्तुतः सदस्यत्वाचा अर्थ त्या नियतकालिकाने तत्त्वे पाळण्याचे मान्य केले आहे एवढाच असतो. प्रत्येक निबंध कोणी तपासला आहे असा नसतो. हिंदावी ही प्रकाशनसंस्था समितीची सदस्य होती, तरीही पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून शिरलेल्या संशयास्पद निबंधांमुळे 2023 या एका वर्षात तिच्या नियतकालिकांतील 8,000 हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे कारखाने एकेका निबंधावर काम करत नाहीत. ते बनावट समीक्षक, बनावट ईमेल-पत्ते आणि कधीकधी बनावट संपादक यांची साखळी उभी करतात. एका संपादकाने एका लेखकाला सौजन्याने खुलासा मागण्यासाठी आखलेला तक्ता अशा संघटित फसवणुकीपुढे अपुरा पडतो. हे समितीनेही ओळखले आहे, आणि समीक्षणप्रक्रियेतील पद्धतशीर फेरफारांसाठी तिने वेगळे मार्गदर्शन दिले आहे. पण लहान नियतकालिकाकडे शेकडो हस्तलिखितांतील सारखेपणा हुडकायला ना माणसे असतात ना साधने, आणि ही दरी नुसत्या मार्गदर्शनाने भरून निघणार नाही.

तिसरी उणीव तक्रारदाराच्या बाजूने पाहिल्यावर दिसते. सदस्य-नियतकालिकाविरुद्ध समितीकडे तक्रार करता येते, मात्र आधी त्या नियतकालिकाची आणि प्रकाशकाची स्वतःची तक्रारप्रक्रिया पूर्ण झालेली असावी लागते. त्यानंतरही समिती संशोधन खरे की खोटे याची चौकशी करत नाही आणि संपादकीय निर्णय फिरवत नाही. नियतकालिकाने योग्य प्रक्रिया पाळली का, एवढेच ती पाहते. नियम मोडल्याचे दिसले तर सुधारणा सुचवण्यापासून सदस्यत्व काढून घेण्यापर्यंत तिचे अधिकार जातात. कागदावर ही रचना समजण्यासारखी आहे, कारण समिती न्यायालय नाही आणि तसे भासवतही नाही. परंतु माझ्या परिचयाच्या एका तरुण संशोधिकेचे नाव तिच्या प्रबंधातून निघालेल्या निबंधातून वगळले गेले, तेव्हा बोधचिन्ह मिरवणाऱ्या त्या नियतकालिकाने तिच्या पत्रांना आठ महिने उत्तरच दिले नाही. उत्तर नाही म्हणजे अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झाली असे मानायचे का, हे तिला कळेना, आणि तोवर तिची नोकरीसाठीची मुलाखत होऊन गेली होती. शेवटी तिच्या विद्यापीठातील संशोधन-नीती विभागाने लिहिल्यावर नियतकालिक हलले. तक्रारदाराला किती दिवसांत पोच मिळावी, उत्तर न मिळाल्यास कधी पुढे जाता येईल, हे दोन साध्या वाक्यांत आणि ठळकपणे सांगणारे पान समितीच्या संकेतस्थळावर पहिल्याच नजरेस पडायला हवे. संपादकांनी संपादकांसाठी स्थापन केलेल्या संस्थेत तक्रारदाराची खुर्ची अजूनही भिंतीलगतच आहे. त्यातच समितीचे उत्पन्न मुख्यतः सदस्यांच्या वर्गणीतून येते. तिच्या परिषदेवरील अनेक जण विनामोबदला काम करतात, त्यांच्या सचोटीविषयी मला यत्किंचितही शंका नाही. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रारी येतात त्यांच्याच वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने आपले निर्णय अधिक सविस्तर आणि अधिक उघडपणे प्रसिद्ध करावेत, ही अपेक्षा गैर नाही.

मग ही सेवा कोणी, कशी वापरावी? संपादकाने निःशंक वापरावी. बहुतांश साहित्य सर्वांना विनामूल्य खुले आहे, त्यामुळे सदस्यत्व परवडत नसलेल्या लहान नियतकालिकालाही तक्ते छापून भिंतीवर लावता येतात. सदस्यत्वाचा खरा लाभ चर्चाबैठकीचा आहे, आणि वर्षाकाठी एखादेच अवघड प्रकरण उद्भवणार असेल तर जुनी प्रकरणे वाचूनही बरेचसे भागते. समीक्षकाने आपली तत्त्वे एकदा वाचावीत आणि हितसंबंधांचा भाग दर वेळी वाचावा. लेखकाने बोधचिन्हावर विसंबू नये. संकेतस्थळावरील सदस्यांच्या यादीत नियतकालिकाचे नाव खरोखरच आहे का हे आधी तपासावे, कारण चिन्ह कोणीही चिकटवू शकतो, आणि त्यानंतर त्या नियतकालिकाने मागे घेतलेल्या निबंधांची दोन-तीन निवेदने वाचावीत. ज्याच्या निवेदनांत कारण स्पष्ट लिहिलेले असते ते नियतकालिक चुका होत नाहीत असा दावा न करता त्या दुरुस्त करते, आणि मी माझे स्वतःचे हस्तलिखित तिथेच पाठवेन.

आमच्या कार्यालयातील तक्त्यांच्या प्रतींवर आता प्रत्येक चौकटीशेजारी पेन्सिलीने दिवस लिहिलेले आहेत. लेखकाच्या खुलाशासाठी 21, सहलेखकांसाठी आणखी 14, संस्थेच्या पोचपावतीसाठी 30. आणि तक्रार आल्यापासून 120 दिवसांत प्रकरण मिटले नाही, तर संस्थेचे उत्तर आलेले असो वा नसो, निबंधावर चिंतानिवेदन लागते. तक्रार करणाऱ्या वाचकाला दर दोन महिन्यांनी एक पत्र जाते, ज्यात प्रकरण कोणत्या चौकटीपर्यंत पोहोचले आहे एवढेच, नावांशिवाय, लिहिलेले असते.